फाटक्या पानाची साक्ष

२० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. त्या संध्याकाळी मी कपाटातली त्यांची सगळी पुस्तके काढून जमिनीवर मांडली. ‘यक्षांची देणगी’ची माझी प्रत रद्दीच्या गठ्ठ्यातून आलेली आहे. भिवंडीत गोदामे वाढली तशी रद्दीही वाढली, आणि त्या रद्दीनेच माझे अर्धे ग्रंथालय भरले. या प्रतीच्या समासात पेन्सिलीच्या पुष्कळ खुणा आहेत. काही आधीच्या अनोळखी मालकाच्या, बाकीच्या माझ्या. विशीत केलेल्या खुणा जाड आणि आत्मविश्वासाच्या आहेत, चाळिशीनंतरच्या बारीक, आणि पुष्कळशा जुन्या खुणांवर मीच मारलेली काट आहे.

इतिहास मी कॉलेजात शिकलो नाही. बारावीनंतर सुताच्या एका पेढीवर कीर्द-खतावणी लिहायला बसलो, तो आजतागायत हिशेबच लिहितो आहे. मोडी शिकलो ती बखरी आणि दप्तरे वाचण्याच्या हौसेपायी. त्यामुळे हा लेख साहित्याच्या अभ्यासकाचा नाही, विज्ञानाच्या तर नाहीच. गेली तीसेक वर्षे मी नारळीकरांच्या ‘उद्याच्या वाईट जगा’च्या कथा एका मालिकेसारख्या पुन्हापुन्हा वाचल्या. त्यांत लेखकाने काही दडवून ठेवले आहे का, याचा शोध घेतला. त्या शोधात मी कुठे फसलो आणि शेवटी काय हाती लागले, त्याचा हा जमाखर्च आहे.

उलटे नाव

दडवलेल्या खुणांचा शोध घेण्याची चटक मला लागली ती एका खऱ्या खुणेमुळे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. तीत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. असा कोणी लेखक नव्हताच. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरे ज. वि. ना.; ती उलटी केली की ना. वि. ज. केंब्रिजहून १९७२ साली परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाआधीच पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाला आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडायला नको होते. अक्षर ओळखू येईल म्हणून कथेची प्रत मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून काढली.

हा किस्सा मराठी वाचकाला ठाऊक आहे. ऐतिहासिक कागद वाचणाऱ्याला त्यात वेगळी गंमत वाटते. कागदाचा लेखक कोण हे ठरवताना आम्ही दोनच गोष्टी आधी पाहतो: नाव आणि हस्ताक्षर. इथे दोन्ही बदललेली. पुढेमागे केवळ तो कागद सापडला असता आणि नारळीकरांनी स्वतः ही हकिकत सांगितली नसती, तर एखाद्या संशोधकाने जगतापांचे गाव शोधण्यात आयुष्य घालवले असते.

या किश्श्याने माझे डोके फिरले. ज्या लेखकाने नाव उलटे करून ठेवले, त्याने कथांतही काहीबाही ठेवले असणारच, असे मी धरून चाललो. आणि मला सापडलेही! ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा आठवा. डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू डावखुरा होऊन बसतो. मोबियसच्या पट्टीवरून फिरून आलेली वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटते, या कल्पनेवर ती कथा उभी आहे. मी समासात लिहिले: ‘लेखकाने आपलेच नाव आरशात धरले होते, ही कथा म्हणजे त्या टोपणनावाची कबुली.’ खाली दोन रेघा.

गावातल्या वाचकांच्या एका बैठकीत मी हा शोध मोठ्या थाटात मांडला. लोकांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेत एक निवृत्त शिक्षक बसले होते. ते म्हणाले, “छान आहे. तुम्ही पेढीवर हिशेब लिहिता ना? मग एक सांगा, ही नोंद जमेला दाखवलीत, तिची नावेची बाजू कुठे आहे?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येताना राग आला होता. तो उतरायला बरीच वर्षे लागली.

मोती, मोहरा आणि खुर्दा

दुहेरी नोंदीच्या हिशेबात एक रक्कम दोन ठिकाणी दिसावी लागते. एकाच ठिकाणी दिसली तर ती चूक असते किंवा लबाडी. गुरुजींचे म्हणणे एवढेच होते की खुणेलाही हाच नियम लावा. नाव उलटे केल्याची एक नोंद स्पर्धेच्या कागदावर आहे आणि दुसरी लेखकाच्या स्वतःच्या कथनात. दोन्ही जुळतात. आरशाच्या माझ्या शोधाची नोंद फक्त माझ्या समासात होती.

इतिहासातली गुप्त खूण कशी असते, याचा आपल्याकडचा सर्वांत ठसठशीत दाखला पानिपतचाच आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची बातमी उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, ही हकिकत ग्रँट डफने नोंदवली आहे. पत्रात लढाईचा शब्द नव्हता. दोन मोती गळाल्याचे, सत्तावीस मोहरा गमावल्याचे आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर मोजदादच नसल्याचे त्यात लिहिले होते. वरवर पाहता कुण्या पेढीच्या बुडीताची चिठ्ठी. पेशव्यांनी वाचताक्षणी ओळखले: मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, नाणी म्हणजे साधे शिपाई.

हिशेबनीस म्हणून हे पत्र मला फार जवळचे वाटते. ते उलगडले, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच व्यवहाराच्या भाषेत वाढले होते. मोत्याहून मोहर कमी मोलाची, मोहरेहून रुपया आणि रुपयाहून पैसा, ही उतरंड दोघांना पाठ होती. आणि त्या पत्रातली बाकी पुढे प्रत्यक्ष आलेल्या माणसांच्या तोंडून, इतर पत्रांतून ताडून पाहता आली. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो याच काळातल्या, १७५० ते १७६१ च्या पत्रांचा. बखरीतली नोंद पत्राशी ताडायची, ही सवय मराठी इतिहासलेखनाला त्यांनी लावली.

खुद्द नारळीकरांनी खुणा वाचण्याची अशीच एक परीक्षा घेतली होती. २००८ च्या सुमारास त्यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी केली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते सांगायला लावले. उत्तरे पाठवली सत्तावीस जणांनी. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण निघाले ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आले असते. ज्याने आयुष्यभर असा हिशेब मागितला, त्याच्या कथांत मी ताळा न घेता भाकिते धुंडाळत होतो. संगणक आले की मी ‘व्हायरस’ उघडून बसायचो, यंत्रमानवाची बातमी आली की दुसरे काही. समासातल्या बहुतेक काटा मी मारल्या त्या या चाचणीचा वृत्तान्त वाचल्यानंतर.

नावातच सांगितलेले

सगळ्या खुणा मात्र खोट्या ठरल्या नाहीत. ‘वामन परत न आला’ ही कादंबरी घ्या. जमिनीत खोल खोदकाम चालू असताना एक पेटी सापडते. ती एका नाहीशा झालेल्या, आपल्याहून पुढारलेल्या संस्कृतीने मागे ठेवलेली असते. पेटीतली माहिती उलगडून शास्त्रज्ञ एक असामान्य बुद्धीचे यंत्र तयार करतात. त्याचे नाव वामन. हे यंत्र उपयोगी आहे, नम्र आहे, आणि त्याला आपल्यासारखी आणखी यंत्रे घडवायची आहेत. पेटी ठेवणारी माणसे कशामुळे संपली, याचा उलगडा वाचकाला टप्प्याटप्प्याने होत जातो.

पहिल्या वाचनात मी पेटीतल्या खुणांच्या मागे धावलो. तिसऱ्या वाचनात लक्षात आले की खरी खूण मुखपृष्ठावरच छापलेली आहे. वामन कोण, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. तो दारात येतो तो लहानखुरा बटू होऊन, मागतो ती तीन पावलांपुरती जमीन, आणि दान पदरात पडल्यावर वाढतो तो आभाळ व्यापेपर्यंत. बळी राजा काही मूर्ख नव्हता. गुरू शुक्राचार्यांनी त्याला उघड सावध केले होते. तरी त्याने उदक सोडले. हा दिवाळी अंक आपल्या हाती पडेल त्याच दिवसांत पाडव्याला घरोघरी बळीची आठवण निघेल आणि त्याचे राज्य परत यावे म्हणून बायका ओवाळतील. ज्या समाजाने ही गोष्ट वर्षातून एकदा न चुकता मनात जागवली, त्याला यंत्राचे नाव ‘वामन’ ठेवल्यावर आणखी कोणती सूचना द्यायची?

ही खूण गुरुजींच्या कसोटीला उतरते. तिची एक नोंद कादंबरीत आहे आणि दुसरी आपल्या प्रत्येकाच्या घरात. मोती-मोहरांच्या पत्रासारखीच ती लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या समाईक भांडवलावर चालते. आणि ती दडवलेली नाही.

दोन बखरी

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मी सर्वांत जास्त वेळा वाचली. अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ती ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने संक्षेपाने असल्यामुळे माझ्या पुतण्यालाही ती ठाऊक आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोचतात ते वेगळ्याच मुंबईत. तिथे इंग्रजांची कंपनी अजून नांदते आहे, कारण त्या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकले आणि देशाचा इतिहासच निराळ्या वाटेने गेला. पंत घाबरत नाहीत. ते खऱ्या इतिहासकाराला शोभेल तेच करतात: टाउन हॉलमधले एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय गाठतात आणि इतिहासाचे खंड काढून, वाट नेमकी कुठे फुटली ते शोधत बसतात. सापडते ते भाऊसाहेबांच्या बखरीतले एक पान. आपल्या जगातल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या पानावर ती कानाजवळून निघून जाते.

पुढे आझाद मैदानावरच्या एका सभेत रिकामी खुर्ची पाहून पंतांना राहवत नाही. तिथल्या लोकांना मात्र अध्यक्षांचा वीट आलेला असतो. पंत भाषण रेटतात, आणि शेवटी धक्काबुक्कीत बखर हातची जाते. आपल्या जगात परत येताना खिशात उरते ते एक फाटके पान. त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे ते घरातल्या प्रतीशेजारी ठेवतात. दोन नोंदी समोरासमोर येतात आणि जुळत नाहीत. सगळी कथा त्या न जुळणाऱ्या बाकीवर उभी आहे.

तरुणपणी मला या कथेत पराभवाची भरपाई दिसायची. जिंकलो असतो तर काय झाले असते, या मराठी मनाच्या जुन्या ठसठशीवर घातलेली फुंकर. समासात तसे लिहिलेही आहे. आता वाचताना लक्ष दुसरीकडे जाते. राजेंद्र पंतांना समजावतात ते असे की एखाद्या क्षणी परिस्थिती अशा टोकावर उभी असते की बारीकशा फरकाने ती या बाजूला किंवा त्या बाजूला कलंडते. आपण एक बाजू जगतो आणि तीच अटळ होती असे मानू लागतो. पंतांच्या खिशातले पान त्या अटळपणाविरुद्धची साक्ष आहे.

याच्या शेजारी ‘हिमप्रलय’ ठेवून पाहावी. मुंबईत बर्फ पडते, अशी तिची सुरुवात. पण वसंत चिटणीस हे शास्त्रज्ञ हिमयुग येणार असे आधीपासून सांगत असतात. आपली गणिते त्यांनी कोणापासून लपवलेली नसतात. मुंबईकर खिडकीतून पांढरे रस्ते पाहतात तेव्हाच त्यांचे म्हणणे लोकांना आठवते. म्हणजे मी ज्या लेखकाच्या कथांत तीस वर्षे गुप्त सूचना शोधत होतो, त्याच्या कथांतल्या सूचना उघड्यावर पडलेल्या होत्या. शुक्राचार्यांनी भर दरबारात सांगितले, चिटणीसांनी जगाला सांगितले. दडलेली खूण शोधण्यात एक सुख असते. आपल्यालाच ती दिसली, असे वाटते. उघडी सूचना वाचण्यात असले कौतुक नाही. तिच्यात फक्त काम असते.

आमच्या गावाची बखर

इथवर आल्यावर मला माझ्या गावाकडे वळणे भाग आहे, कारण आमच्याकडेही अशी एक उघडी सूचना होती.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी भिवंडीत दंगल झाली. तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले. चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अनेक भागांचा अहवाल सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळाले त्याच सुमारास, शासनाला सादर झाला. दंगल आभाळातून पडली नव्हती, हे त्यात तपशिलाने नोंदले आहे. आधीच्या वर्षांत मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल यांवरून तेढ कशी साचत गेली, ते पानोपानी वाचायला मिळते. कोणतीही सांकेतिक लिपी नाही. तारखा, साक्षी आणि निष्कर्ष.

मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. मी चौदा वर्षांचा होतो. माझ्या आठवणीत पहिल्यांदा येतो तो आवाज, किंवा त्याचे नसणे. आमच्या गल्लीत साच्यांची खटखट रात्रंदिवस चालायची. ती थांबली तेव्हा आजीने विचारले, “वीज गेली का?” वीज होती. आम्ही काही दिवसांनी कल्याणला मामाकडे गेलो आणि परत आलो तेव्हा वडील ज्यांच्याशी ताग्यांचा व्यवहार करत, ते चाचा गल्ली सोडून गेले होते. त्यांचे वडिलांच्या वहीतले खाते तसेच उघडे राहिले. वडिलांनी ते कधी बंद केले नाही. मी पुढे कीर्द लिहू लागलो तेव्हा मला त्या पानाचा अर्थ कळला.

मादन आयोगाचा अहवाल मी वाचला तो चाळिशीत. वाचताना वाटले, हे १९८४ च्या आधी गावातल्या किती जणांनी वाचले असेल? माझ्या ओळखीच्या वडीलधाऱ्यांत मला एकही सापडला नाही. अफवा मात्र प्रत्येकाला तोंडपाठ होत्या: कोणी कोणत्या भिंतीवर काय खूण केली होती, कोणत्या रात्री कोणता दिवा लागला होता. खुणांचा तोटा नव्हता. त्यांची नावेची बाजू कुणी विचारली नाही.

मग १९९२ चा डिसेंबर आला. मुंबई जळत होती आणि सगळ्यांचे डोळे भिवंडीकडे लागले होते. भिवंडी शांत राहिली. त्याआधीच्या काही वर्षांत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि त्या भागातला पोलीस नियमित एकत्र बसत. नळाचे, गटाराचे, भांडणाचे विषय निघत. मिरवणूक कुठून जाईल हेही तिथेच ठरे. अफवा आली की ताडून पाहायला समोर माणूस असे. पत्र बखरीशी ताडावे तसे गल्ली गल्लीशी ताडून पाहत होती. एवढ्यानेच सगळे साधले असे मी म्हणणार नाही. पण गाव तेच होते, गल्ल्या त्याच होत्या, पूर्वीच्या जखमाही त्याच होत्या, आणि या वेळी गोळी कानाजवळून गेली.

गंगाधरपंतांना दुसरे जग पाहायला कल्पनेचा प्रवास करावा लागला. भिवंडीच्या माणसाने दोन्ही जगे आठ वर्षांच्या अंतराने एकाच गल्लीत पाहिली. १९८४ अटळ होते असे जो म्हणेल, त्याच्यापुढे १९९२ चे पान ठेवता येते. आणि ते पान फाटू नये याची काळजी घ्यावी लागते, कारण आता गावातल्या पोरांना १९८४ ऐकून माहीत आहे आणि १९९२ मुळीच माहीत नाही. जे घडले त्याच्या आठवणी राहतात. जे घडू दिले नाही त्याची बखर कोणी लिहीत नाही.

‘यक्षांची देणगी’ची ती प्रत मी पुन्हा कपाटात ठेवली. ठेवण्याआधी ‘उजव्या सोंडेचा गणपती’च्या समासातली दोन रेघांची ती टीप शोधली. काट मारलेलीच होती, खोडून टाकावीशी वाटली नाही. तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिले: ‘नावेची बाजू सापडली नाही.’ मग वडिलांची जुनी वही काढून चाचांच्या खात्याचे पान पाहिले. बाकी तशीच आहे. त्यांची मुले सुरतेला असतात असे परवाच कळले. दिवाळीनंतर जाऊन यायचे ठरवले आहे.